हॉल दणाणला, पण रेकॉर्डिंग फसलं! छोट्या बँड नाईटचा साऊंड नेमका चालतो तरी कसा?

शनिवारची रात्र. शंभर-सव्वाशे माणसं मावतील एवढा हॉल. एकापाठोपाठ एक चार लोकल बँड वाजवतात. शेवटच्या गाण्याला अख्खा हॉल उड्या मारत असतो. स्टेजवरून उतरताना बँडला वाटतं, आजवरचा सगळ्यात भारी शो हाच.

रविवारी दुपारी पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लागतो आणि सगळ्यांचे चेहरे पडतात. गायकाचा आवाज अगदी कानाशी येऊन बोलल्यासारखा मोठा. की-बोर्ड स्वच्छ. पण गिटार शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी वाजवतंय इतकी लांब. ड्रम म्हणजे नुसती टकटक. टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही. उड्या मारणारा हॉल गेला कुठे?

मग सगळं खापर फुटतं साऊंडवाल्यावर. 'त्याला मिक्सिंगच जमत नाही' इथपर्यंत गोष्ट जाते. पण बऱ्याचदा खरं कारण बरोबर उलटं असतं. साऊंडवाल्याने हॉलसाठी काम नीट केलं, म्हणूनच रेकॉर्डिंग असं आलं.

हा विषय वाटतो तेवढा किरकोळ नाही. नव्या बँडला पुढचा शो मिळतो तो मागच्या शोच्या जोरावर. कॉलेज फेस्ट असो, कॅफे असो की मोठा फेस्टिव्हल, समोरचा माणूस पहिलं वाक्य टाकतो, 'लाइव्ह व्हिडिओ असेल तर पाठवा.' तिथे त्या रात्रीचा एकमेव पुरावा म्हणजे हे रेकॉर्डिंग. म्हणून बँड नाईटच्या रात्री मिक्सरमागे काय चालतं, हे बँडनेही समजून घ्यायला हवं आणि ऐकणाऱ्यांनीही.

हॉलमध्ये आवाज येतो कुठून?

मोठ्या मैदानात सगळा आवाज स्पीकरमधून येतो. स्टेजवरचा ड्रम शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला थेट ऐकू येणं अवघडच. त्यामुळे प्रत्येक वाद्याला माईक लागतो आणि सगळं मिक्सरमधून जातं.

छोट्या हॉलचं गणित वेगळं आहे. ड्रमसेट जोरात वाजवला तर जवळ उभं राहिल्यावर १०० डेसिबलच्या वर आवाज सहज जातो. त्याला माईक लावा किंवा लावू नका, तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतोच. इलेक्ट्रिक गिटारचा स्वतःचा ॲम्प असतो, तोही तसाच. गायकाचं मात्र अवघड असतं. माणसाचा गळा कितीही ताणला तरी ड्रमपुढे टिकत नाही. की-बोर्डला तर स्वतःचा आवाजच नसतो, तो स्पीकरमधूनच यावा लागतो.

म्हणजे प्रेक्षकांच्या कानावर दोन आवाज एकत्र पडतात. एक, थेट स्टेजवरून येणारा. दुसरा, मिक्सरमधून स्पीकरवाटे येणारा. स्टेजवरून जे कमी पडतं तेच फक्त स्पीकरमधून वाढवायचं, हे साऊंडवाल्याचं काम. आमटीत मीठ आधीच पडलेलं असेल तर वरून किती घालायचं, हे चव घेऊन ठरतं. तसंच हे.

आता मिक्सरमधून जे बाहेर पडतं तेवढंच पेन ड्राइव्हवर घेतलं तर काय मिळेल? वरून घातलेलं मीठ. आमटी हॉलमध्येच राहिली. गायक मोठा, कारण त्याला वाढवावं लागलं होतं. गिटार बारीक, कारण तिला वाढवायची गरजच नव्हती. टाळ्या गायब, कारण प्रेक्षकांसमोर माईकच नव्हता. रविवारी दुपारचं ते रेकॉर्डिंग चुकलेलं नव्हतं. ते त्या रात्रीचं अर्धंच चित्र होतं.

चार बँड, एक स्टेज आणि उलटा साऊंड चेक

बँड नाईटची खरी परीक्षा प्रेक्षक यायच्या आधी सुरू होते. चार बँडनी चार ड्रमसेट आणि आठ ॲम्प आणले तर ते ठेवायलाच जागा नसते. म्हणून ड्रमसेट आणि ॲम्प सगळ्यांसाठी एकच ठेवण्याची पद्धत आहे. ड्रमर साधारणपणे स्वतःचा स्नेअर, झांजा आणि पायाचं पेडल घेऊन येतो. गिटारवाला गिटार आणि पेडलबोर्ड आणतो. त्यामुळे दोन बँडमधली अदलाबदल दहा-पंधरा मिनिटांत उरकते.

साऊंड चेक उलट्या क्रमाने घेतात. सगळ्यात शेवटी वाजवणारा बँड सगळ्यात आधी चेक देतो आणि पहिला वाजवणारा सगळ्यात शेवटी. कारण साधं आहे. दारं उघडतात तेव्हा पहिल्या बँडची मांडणी स्टेजवर जशीच्या तशी तयार असते.

बँड यायच्या आधी साऊंडवाल्याच्या हातात दोन कागद असले की निम्मं काम होतं. एक, कोण कुठे उभं राहणार याचं चित्र. दुसरा, कशाकशाला माईक किंवा लाइन लागणार याची यादी. उदाहरणार्थ, चौघांचा एक बँड घ्या. मोठा ढोल म्हणजे किक ड्रम, १ माईक. स्नेअर, १. ड्रमच्या वर लटकणारे, २. बास गिटार, १ लाइन. गिटारचे ॲम्प, २. की-बोर्ड, २ लाइन. गाणारे तिघं, ३ माईक. झाले १२ चॅनेल. ही यादी आधी मिळाली तर केबल दुपारीच टाकून होतात. नाही मिळाली तर प्रेक्षकांसमोर 'अरे, तिसरा गाणारा पण आहे का?' असा संवाद रंगतो.

बास आणि की-बोर्डच्या मध्ये एक छोटी डबी दिसते. तिला डीआय बॉक्स म्हणतात. वाद्यातून येणारा सिग्नल लांब केबलमधून नेला की त्यात खरखर आणि गुणगुण शिरते. ही डबी त्याचं रूपांतर माईकच्या केबलला चालेल अशा सिग्नलमध्ये करते. त्या केबलमध्ये एकच सिग्नल दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो. वाटेत शिरलेला गोंगाट मात्र दोन्ही तारांत सारखाच असतो. मिक्सरपाशी दोन्हींतला फरक काढला की गोंगाट एकमेकांना खातो आणि संगीत शिल्लक राहतं.

ती कर्कश शिट्टी का वाजते?

शाळेच्या स्नेहसंमेलनापासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळ्यांनी ती शिट्टी ऐकलेली असते. तिला फीडबॅक म्हणतात. माईकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून बाहेर येतो. तोच परत माईकमध्ये शिरतो, आणखी मोठा होऊन स्पीकरमधून येतो, पुन्हा माईकमध्ये. हे चक्र डोळ्याची पापणी लवायच्या आत वाढत जातं आणि कुठलातरी एक सूर किंचाळायला लागतो. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून याला लार्सन इफेक्ट असंही म्हणतात.

यावर पहिला उपाय मिक्सरवर नाही, स्टेजवर आहे. गायकांचा नेहमीचा माईक समोरून चांगलं ऐकतो आणि मागून कमी. १९६६ पासून बाजारात असलेला शुअर कंपनीचा एसएम५८ हा त्याचा सगळ्यात ओळखीचा नमुना. जमिनीवर तिरके ठेवलेले जे स्पीकर बँडला स्वतःचा आवाज ऐकवतात, ते मॉनिटर. ते या माईकच्या बरोब्बर पाठीमागे ठेवले की शिट्टीचा धोका बराच कमी होतो.

गायकांची एक आवडती सवय मात्र सगळ्यावर पाणी फिरवते. माईकची जाळी मुठीत धरायची! दिसायला ती स्टाइल वाटते. पण माईकला मागचा आवाज टाळता येतो तो जाळीच्या मागच्या बाजूच्या फटींमुळे. त्या झाकल्या की माईक चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि शिट्टी ठरलेली.

दुसरं म्हणजे अंतर. तोंड आणि माईक यांच्यातलं अंतर दुप्पट केलं की माईकपर्यंत पोहोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. मग तो भरून काढायला साऊंडवाल्याला आवाज वाढवावा लागतो आणि शिट्टी जवळ येते. म्हणूनच तो पुन्हा पुन्हा सांगत असतो, 'माईकच्या जवळ गा.' आणि सुरू असलेल्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारी मोकळीक ३ डेसिबलने घटते. कुणी गात नसेल तो माईक बंद ठेवण्यामागे हेच कारण.

'मला माझाच आवाज येत नाही!'

बँड नाईटमधलं सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. आणि बहुतेक भांडणांची सुरुवातही इथूनच. गायकाला स्वतःचा आवाज येत नाही, म्हणून मॉनिटर वाढतो. मग गिटारवाल्याला गिटार ऐकू येत नाही, तो ॲम्प वाढवतो. ड्रमर त्याच्यावर जोर काढतो. गायकाला पुन्हा काही ऐकू येत नाही. या चढाओढीत स्टेजवरचा आवाज एवढा वाढतो की समोरच्या स्पीकरमध्ये काहीही केलं तरी गाण्याचे शब्द कळत नाहीत.

इथे उपाय वाढवण्यात नाही, कमी करण्यात असतो. गिटारचा ॲम्प जमिनीवर असेल तर तो वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांना ऐकू येतो, कानांना नाही. तो खुर्चीवर ठेवला किंवा मागे कलवून त्याचं तोंड वर केलं, की आवाज कमी ठेवूनही वाजवणाऱ्याला नीट ऐकू येतो. गायकाच्या मॉनिटरमध्ये त्याचा स्वतःचा आवाज आणि सुरासाठी एखादं वाद्य एवढंच पुरतं. सगळ्यांना सगळं हवं असेल तर कुणालाच काही मिळत नाही.

स्टेज शांत असेल तर हॉल चांगला वाजतो आणि रेकॉर्डिंगही चांगलं होतं. कारण गायकाच्या माईकमध्ये गायक जास्त आणि मागची झांज कमी शिरते. पुढे सगळं दुरुस्त करता येतं, पण गायकाच्या माईकमध्ये शिरलेली झांज काढून टाकणं फार कठीण.

एक गोष्ट जिथे चालढकल चालत नाही

छोट्या जागांमध्ये स्पीकरमधून सतत 'हूंऽऽ' असा आवाज येत असतो. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे आणि ही गुणगुण तिचीच. यावर एक जुना जुगाड चालतो. प्लगची सगळ्यात जाड पिन, म्हणजे अर्थिंग, काढून टाकायची. गुणगुण कधीकधी थांबते खरी, पण जीव धोक्यात जातो.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माईकची धातूची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला. दोन्हींपैकी एकीकडे बिघाड असेल आणि अर्थिंग काढलेलं असेल, तर गिटार हातात घेऊन माईकला ओठ लावणारा माणूस दोन्हींच्या मध्ये सापडतो. ही नुसती भीती नाही. १९७२ साली ब्रिटनमधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवरच माईकला हात लावताना विजेचा धक्का बसून गेला.

म्हणून मिक्सर आणि स्टेजवरचे ॲम्प यांना वीज एकाच ठिकाणाहून द्यायची, लाइटचे डिमर वेगळ्या लाइनवर ठेवायचे आणि गुणगुण काढायची असेल तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण वापरायचं. ते फक्त सिग्नलच्या केबलचं अर्थिंग तोडतं, विजेच्या प्लगचं नाही. एखाद्या जागेच्या सॉकेटला अर्थिंगच नसेल, तर ते दुरुस्त होईपर्यंत शो सुरू न करणं हाच शहाणपणा.

मग रेकॉर्डिंग करायचं कसं?

साधारण तीन रस्ते आहेत. खर्च आणि कटकट वाढत जाते, तसा निकालही सुधारतो.

पहिला रस्ता मोबाईलचा. मोबाईलचा माईक बोलण्यासाठी बनलेला असतो. आवाज अचानक मोठा झाला की फोन स्वतःहून तो दाबतो, शांतता आली की वर उचलतो. त्यामुळे प्रत्येक किकच्या ठोक्यासरशी गाणं आत-बाहेर होत राहतं. त्यात कुणी बासच्या स्पीकरपुढे उभं राहून शूट केलं की नुसता फरफराट. याच मोबाईलने बरं रेकॉर्डिंग हवं असेल तर साऊंडवाल्याच्या टेबलाशेजारी उभं राहावं. पूर्ण आवाज नीट ऐकू यावा म्हणून तो तिथे बसलेला असतो. आणि बोटाने माईकचं भोक झाकलं जात नाहीये ना, हेही बघावं.

दुसरा रस्ता, मिक्सरचं अर्धं चित्र आणि हॉलचं अर्धं चित्र एकत्र करायचं. मिक्सरमधून दोन चॅनेलचं रेकॉर्डिंग घ्यायचं आणि हॉलमध्ये एक छोटा हातातला रेकॉर्डर ठेवायचा. नंतर लॅपटॉपवर दोन्ही जोडायचे. रेकॉर्डरमधून ड्रम, गिटार आणि टाळ्या मिळतात, मिक्सरमधून स्पष्ट शब्द.

इथे एक छोटं गणित सांभाळावं लागतं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रेकॉर्डर स्टेजपासून १५ मीटरवर असेल तर तिथे आवाज सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही फाइल तशाच जोडल्या तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. म्हणून हॉलची फाइल तेवढी पुढे ओढून घ्यायची. शो सुरू व्हायच्या आधी स्टेजवर, सुरू असलेल्या माईकसमोर कुणी एक जोरदार टाळी वाजवली तर ती दोन्ही फाइलींमध्ये टोकासारखी दिसते आणि जुळवणी सोपी होते. व्हिडिओ जोडायलाही तीच टाळी कामाला येते.

तिसरा आणि सगळ्यात चांगला रस्ता मल्टिट्रॅकचा. म्हणजे प्रत्येक माईक स्वतंत्र ट्रॅकवर घ्यायचा आणि मिक्सिंग नंतर सावकाश करायचं. एकेकाळी यासाठी स्टुडिओचं सामान लागायचं. २०१२ साली आलेल्या बेहरिंगर एक्स३२ सारख्या डिजिटल मिक्सरनंतर हे छोट्या जागांच्याही आवाक्यात आलं. आता बऱ्याच छोट्या डिजिटल मिक्सरना यूएसबी केबलने लॅपटॉप जोडला की सगळे चॅनेल वेगवेगळे रेकॉर्ड होतात. मात्र एक फसगत ध्यानात ठेवायची. बऱ्याच मिक्सरवर पेन ड्राइव्हसाठी जी खाच असते, तिच्यात फक्त दोन चॅनेलचं मिक्स जातं. 'पेन ड्राइव्ह लावला, म्हणजे मल्टिट्रॅक झालं' असं नसतं.

जागा किती लागते? ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटने एक ट्रॅक तासाला सुमारे ५१८ एमबी घेतो. वरच्या यादीतले १२ चॅनेल आणि प्रेक्षकांचे २ माईक मिळून १४ ट्रॅक, तीन तासांचा कार्यक्रम, म्हणजे अंदाजे २२ जीबी. लॅपटॉप चार्जरवर, वायफाय बंद, अपडेट बंद, स्लीप मोड बंद. रेकॉर्डिंग फसण्याची कारणं अनेकदा एवढीच साधी असतात.

यात दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या. पहिली, ज्या वाद्याला हॉलसाठी माईकची गरज नाही, त्यालाही रेकॉर्डिंगसाठी माईक लावायचा. गिटारच्या ॲम्पपुढे माईक ठेवायचा, ड्रमवर ठेवायचे, पण त्यांचे फेडर खालीच राहू द्यायचे. फेडर म्हणजे मिक्सरवरची वरखाली सरकणारी पट्टी. ती हॉलच्या स्पीकरमध्ये काय जाईल ते ठरवते. मल्टिट्रॅकचा सिग्नल फेडरच्या आधीच घेतला, तर हॉलमध्ये न ऐकवलेलं वाद्यही रेकॉर्डिंगमध्ये पूर्ण येतं. दुसरी, प्रेक्षकांसाठी दोन माईक. स्टेजच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवर, प्रेक्षकांकडे तोंड करून आणि मुख्य स्पीकरच्या मागे. हॉल गायब होतो तो याच दोन माईकच्या अभावी.

आणखी एक मेख आहे. चॅनेलचं पहिलं बटण म्हणजे गेन. माईकचा बारीक सिग्नल तिथे मोठा होतो. हॉल आणि रेकॉर्डिंग दोघांनाही सिग्नल इथूनच मिळतो. गाणं सुरू असताना गेन फिरवला की रेकॉर्डिंगमध्येही आवाज उडी मारतो. म्हणून साऊंड चेकमध्ये गेन एकदा ठरवायचा आणि पुढे फक्त फेडरने खेळायचं. गेन ठरवतानाही मोकळी जागा ठेवायची. शोच्या जोशात सगळेच साऊंड चेकपेक्षा जोरात वाजवतात. डिजिटलमध्ये ० ही शेवटची रेघ. तिच्यावर गेलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. म्हणून सर्वांत मोठा ठोकाही उणे १० डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन ठेवणं बरं. आवाज थोडा बारीक आला तर नंतर वाढवता येतो.

हॉल आधी की रेकॉर्डिंग आधी?

एकच माणूस दोन्ही कामं करत असेल तर शोच्या मध्यावर हा प्रश्न येतोच. लॅपटॉपवर लाल दिवा लागलाय आणि त्याच वेळी गायकाचा माईक बंद पडलाय. आधी कुठे धावायचं?

उत्तर ठरलेलं आहे. आधी हॉल. तिकीट काढून आलेली माणसं समोर आहेत, त्यांना 'नंतर दुरुस्त करतो' म्हणता येत नाही. रेकॉर्डिंगमधला बारीक आवाज वाढवता येतो, मोठा कमी करता येतो, टाळ्या मागेपुढे करता येतात. फक्त जे रेकॉर्डच झालं नाही, ते परत आणता येत नाही. म्हणूनच रेकॉर्डिंगची सगळी मेहनत दारं उघडायच्या आधी करायची असते. माईक लावून, गेन ठरवून, अर्धा मिनिट रेकॉर्ड करून, हेडफोनवर ऐकून. एकदा शो सुरू झाला की रेकॉर्डिंगने साऊंडवाल्याकडे काहीच मागता कामा नये. जमत असेल तर एखाद्या मित्राला नुसतं लॅपटॉपकडे बघत बसवावं. तेवढ्यानेही मोठा फरक पडतो.

कान, शेजारी आणि दहाचा ठोका

'आवाज वाढव रे' ही फर्माईश प्रत्येक बँड नाईटमध्ये येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कॉन्सर्ट आणि क्लबसाठी सुरक्षित आवाजाचं मानक आणलं. त्यानुसार सरासरी आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ नये. तोही दीर्घकाळ ऐकायचा नसतो. अमेरिकेतली कामगार आरोग्य संस्था नायॉशच्या हिशोबात ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. दर आठवड्याला चार बँड ऐकणाऱ्या साऊंडवाल्यासाठी हे आकडे पोटापाण्याचे आहेत. कानच गेले तर कामही गेलं. म्हणून इअरप्लग प्रेक्षकांनीही वापरावेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग कायदा. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत लाऊडस्पीकर वाजवता येत नाही. सभागृहासारख्या बंदिस्त जागांना आतल्या आत वापरासाठी सूट आहे. सण-उत्सव आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत मुभा देऊ शकतं. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. हॉल बंदिस्त असला तरी बासचे खालचे सूर भिंतींना जुमानत नाहीत. शेजारच्या बेडरूममध्ये गाणं ऐकू येत नाही, पण धडधड पोहोचते. तक्रार होते ती त्या धडधडीची.

या गोष्टीकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, हे मुंबईने पाहिलंय. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक अनेक वर्षं धोबीतलावच्या रंगभवनात व्हायचा. उघड्यावरची ती जागा रॉक ऐकणाऱ्या पिढ्यांचा अड्डा होती. पण आजूबाजूला हॉस्पिटल आणि कॉलेज. अशा संस्थांभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातल्या कॉन्सर्ट थांबल्या. शेजाऱ्यांच्या रात्रीच्या झोपेचा हक्कही तेवढाच खरा होता. पण एक जागा गेली की तिथे वाजवू शकले असते असे कितीतरी बँड तिच्यासोबत जातात. छोटे हॉल टिकवायचे असतील तर आवाज आटोक्यात ठेवणं ही साऊंडवाल्याची एकट्याची जबाबदारी उरत नाही.

मग बँडने काय करायचं?

फार काही नाही. शोच्या दोन दिवस आधी चॅनेलची यादी आणि स्टेजचं चित्र पाठवायचं. रेकॉर्डिंग हवं असेल तर त्याच वेळी सांगायचं, शो सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी पेन ड्राइव्ह पुढे करायचा नाही. साऊंड चेकला वेळेवर पोहोचायचं आणि तिथे शोच्या वेळी वाजवतात तेवढ्याच जोरात वाजवायचं. ॲम्प लहान ठेवायचा, माईकची जाळी धरायची नाही. रेकॉर्डिंगचे जादा माईक, लॅपटॉप आणि नंतरचं मिक्सिंग हे वेगळं काम आहे, त्याचे वेगळे पैसे ठरवायचे. आणि बाकीच्या तीन बँडनाही रेकॉर्डिंग होणार असल्याची कल्पना द्यायची, कारण ते ट्रॅक त्यांचेही असतात.

एवढं केलं तर रविवारी दुपारी लॅपटॉपवर चौदा ट्रॅक उघडतील. गिटार जागेवर असेल, ड्रमला वजन असेल. आणि शेवटच्या गाण्यानंतर प्रेक्षकांचे ते दोन माईक वर केले की उड्या मारणारा हॉलही ऐकू येईल.